छोट्या कॉलेजातून परदेशी विद्यापीठात ट्रान्सफर: कागद आधी, निबंध नंतर

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की आमच्या स्टाफरूमच्या दारात एखादा विद्यार्थी उभा राहतो. "सर, निबंध झालाय, टोफेल झालंय, फक्त कॉलेज रिपोर्टवर सही हवीय. एक मार्चची मुदत आहे." ऑफिसातल्या भाऊंनी तो फॉर्म आधी कधी पाहिलेला नसतो. प्राचार्य बैठकीसाठी मुंबईला गेलेले असतात. शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी त्यांच्याकडे.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी पदवी कॉलेजात शिकवतो. असे अर्ज गेली काही वर्षं जवळून पाहतोय. हुशारी कमी पडली म्हणून अडलेले त्यांत थोडेच होते. बाकीचे कागद वेळेत आले नाहीत, अर्धवट आले किंवा चुकीच्या माणसाकडून आले म्हणून अडले. तिकडच्या प्रवेश समितीने आपल्या कॉलेजचं नाव ऐकलेलं नसतं. मोठ्या शहरातल्या नामांकित कॉलेजच्या मुलाचा एखादा कागद राहिला तर समिती अंदाज तरी बांधू शकते. आपल्याबाबत अंदाज बांधायला तिच्या हातात काहीच नसतं. म्हणून खालचा क्रम पाळा. निबंध यात सातव्या पायरीवर आहे, आणि तो तिथेच असायला हवा.

हा लेख मुख्यतः अमेरिकेसाठी आहे, कारण मधल्या वर्षी प्रवेश देण्याची रीतसर पद्धत तिथेच सर्वांत जास्त रुळलेली आहे. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दुसऱ्या विद्यापीठातून थेट दुसऱ्या वर्षाला घेत नाहीत. इतर काही विद्यापीठं घेतात, पण बहुतेकांना पुन्हा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. कॅनडात टोरांटो, ब्रिटिश कोलंबिया अशा विद्यापीठांत ट्रान्सफरचा अर्ज करता येतो. कागदांची तयारी मात्र तिथेही जवळपास हीच.

## १. तुम्ही ट्रान्सफरमध्ये बसता का, ते आधी पाहा

बारावीनंतर पदवीला नाव घातलं आणि सेमिस्टर पूर्ण केलं की बहुतेक अमेरिकी विद्यापीठं तुम्हाला ट्रान्सफर विद्यार्थी धरतात. मधलं वर्ष लपवून बारावीच्या मुलांचा, म्हणजे फर्स्ट इयरचा अर्ज भरायचा सल्ला काही एजंट देतात. ते करू नका. नंतर कळलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो.

दुसरी गोष्ट वर्षाची. अमेरिकेत पदवी साधारण १२० क्रेडिट्सची, चार वर्षांची असते, आणि बहुतेक नामांकित विद्यापीठं त्यातली किमान दोन वर्षं आपल्याकडेच शिकायची अट घालतात. हार्वर्डचा नियम तर स्पष्ट आहे: कॉलेजात किमान एक पूर्ण वर्ष झालेलं हवं, आणि दोनपेक्षा जास्त झालेलं नको. थोडक्यात, अर्ज एफवायला किंवा एसवायला असतानाच करायचा. टीवायला असाल तर हा विचार सोडा आणि पदवी पूर्ण करून पदव्युत्तर प्रवेशाकडे वळा.

एफवाय की एसवाय? एफवायला अर्ज केलात तर कॉलेजचा जेमतेम एका सेमिस्टरचा निकाल हातात असतो, त्यामुळे सगळा भार दहावी-बारावीवर येतो. बारावी साधारण गेली असेल आणि कॉलेजात सूर सापडला असेल तर एसवायपर्यंत थांबा, असं मी सांगतो. एक वर्ष जास्त जाईल, पण तीन सेमिस्टर्सचे गुण तुमच्या बाजूने बोलतील.

यादी करताना आकड्यांकडेही पाहा. हार्वर्ड वर्षाला सरासरी डझनभर ट्रान्सफर विद्यार्थी घेतं. कॉर्नेल किंवा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ शेकड्यांनी घेतं. बर्कली, लॉस एंजेलिस ही कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं ट्रान्सफरच्या जागा प्रामुख्याने त्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना देतात, त्यामुळे आपल्याकडून थेट अर्जाला तिथे फार कमी वाव असतो. आठ विद्यापीठं निवडा. त्यात नुसत्या नावासाठी घेतलेली दोनच असू देत.

तपासा: यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाच्या ट्रान्सफरच्या पानावर जाऊन शेवटची तारीख, परदेशी ट्रान्सफर विद्यार्थ्याला आर्थिक मदत मिळते की नाही, आणि तुमची शाखा ट्रान्सफरला खुली आहे का, या तीन गोष्टी वहीत लिहा. फर्स्ट इयरच्या पानावरची माहिती इथे चालत नाही.

## २. वेळापत्रक आपल्या सणावारांवर बसवा

ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्राच्या मुदती बहुतेक ठिकाणी १ फेब्रुवारी ते १ एप्रिलच्या दरम्यान असतात. म्हणजे ऐन शिमगा. पालखी घरोघरी फिरत असते, निम्मं ऑफिस गावी, उरलेलं परीक्षेच्या कामात. ज्यांची सही लागते ती माणसं त्या दिवसांत हाताला लागत नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

म्हणून उलटं मोजा. जून-जुलैत यादी आणि नावांची दुरुस्ती. गणपतीच्या आधी शाळा आणि ज्युनिअर कॉलेजचे कागद. दिवाळीच्या सुट्टीत इंग्रजीची परीक्षा. सॅट मागणारं विद्यापीठ यादीत असेल तर तीही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॉलेजची ओळख करून देणारं पान (पायरी ५), अभ्यासक्रम, शिफारसपत्रं. तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला की लगेच ट्रान्स्क्रिप्ट. फेब्रुवारीत सह्या मागायला जायची वेळ येता कामा नये. फेब्रुवारी फक्त तपासण्यासाठी ठेवा.

## ३. नाव सगळीकडे एकच

दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर शेवटी आईचंही नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि दिलेल्या नावात वडिलांचं नाव. तिकडच्या कारकुनाला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. त्यात इंग्रजी स्पेलिंगचा घोळ. एका मुलाचं गावकर हे आडनाव दहावीला 'व्ही' घालून लिहिलेलं होतं आणि पासपोर्टवर 'ओ' घालून. ते जुळवण्यात त्याचे दोन महिने गेले.

अर्जावर, इंग्रजीच्या परीक्षेला आणि सॅटला नोंदणी करताना नाव पासपोर्टप्रमाणेच द्या. नुसता क्रम वेगळा असेल तर सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. स्पेलिंगच चुकलं असेल तर मूळ कागद दुरुस्त करून घ्या. दहावी-बारावीच्या दुरुस्त्या आणि दुय्यम प्रतींसाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मुलांचं मंडळ रत्नागिरीलाच आहे. रायगडच्या मुलांना मात्र मुंबई विभागाकडे जावं लागतं.

## ४. ट्रान्स्क्रिप्ट आणि शाळेचे निकाल

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न कला, वाणिज्य, विज्ञान कॉलेजांत पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने कॉलेजच घेतं. म्हणजे तुमचे एफवाय-एसवायचे गुण आधी कॉलेजच्या परीक्षा विभागाच्या रजिस्टरमध्ये असतात. मुलं हे न बघता रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतात, कलिन्याच्या परीक्षा भवनात रांग लावतात आणि "आधी कॉलेजकडून आणा" ऐकून परत येतात. सुरुवात कॉलेजपासून करा, आणि विद्यापीठाचा शिक्का लागणार असेल तर काय नेऊ ते तिथेच विचारून घ्या. इंजिनिअरिंगचं कॉलेज लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न असेल तर नोंदी विद्यापीठाकडे असतात, तिथला मार्ग वेगळा.

ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे गुणपत्रिकांची झेरॉक्स नव्हे. लेटरहेडवर सेमिस्टरवार विषय, विषयाचा कोड, क्रेडिट्स, गुण आणि श्रेणी असलेलं एकत्र पत्रक, त्यावर सही-शिक्का. नमुना नसेल तर तुम्हीच टाइप करून न्या आणि परीक्षा विभागाला रजिस्टरशी ताडून पाहायला सांगा. पाकिटावर चिकटवलेल्या जागी आडवा शिक्का आणि सही हवी. आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीने आत काय आहे ते पाहायला पाकीट उघडलं, आणि सगळं पुन्हा करावं लागलं. म्हणून एक प्रत उघडी मागून घ्या आणि बाकीची पाकिटं बंदच राहू द्या.

गुणपत्रिका स्कॅन करताना मागची बाजू विसरू नका. श्रेणींचा तक्ता अनेकदा तिथेच छापलेला असतो, आणि तिकडच्या माणसाला गुणांपेक्षा तो तक्ता जास्त लागतो.

सावधान: आपले टक्के चारपैकी किती होतात, हे स्वतः मोजू नका. कॉमन अ‍ॅपवर (अनेक विद्यापीठांना चालणारा सामायिक ऑनलाइन अर्ज) गुण जसे मिळाले तसेच, आपल्याच पद्धतीत भरायचे असतात. दहापैकीच्या सीजीपीएला अडीचने भागायची युक्ती हुशार मुलांनाच सर्वांत महाग पडते. क्रेडिट्सचंही तेच. नव्या धोरणानुसार आपल्याकडे सेमिस्टरला २२ क्रेडिट्स, तिकडे साधारण १५. किती धरायची, ते विद्यापीठ ठरवेल.

डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून गुणांचं मूल्यमापन सगळीकडे लागत नाही. यादीतल्या विद्यापीठाने मागितलं असेल तरच पैसे भरा.

मग शाळा. बऱ्याच ठिकाणी नववी ते बारावी असे चारही वर्षांचे निकाल मागतात. दहावी-बारावीचं बोर्डाचं असतं, पण नववी आणि अकरावीचं काय? नववीचं प्रगतिपुस्तक पावसात भिजून गेलेलं, शाळा गावात, ज्युनिअर कॉलेज तालुक्याला. मुख्याध्यापकांकडे जाऊन जुन्या निकालपत्रकावरून इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी पत्र घ्या. मे महिन्यात शाळा बंद असते, म्हणून हे पावसाळ्यातच उरका.

तपासा: चार शालेय निकाल, प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी, ट्रान्स्क्रिप्टची एक उघडी प्रत आणि बंद पाकिटं. एवढं हातात नसेल तर पुढच्या पायरीला हात घालू नका.

## ५. कॉलेजची ओळख करून देणारं एक पान

हे पान कोणी मागत नाही, आणि माझ्या मते छोट्या कॉलेजच्या मुलाला सर्वांत जास्त मदत हेच करतं. प्राचार्यांच्या सहीने, इंग्रजीत, एकच पान. कॉलेज कुठे आहे, कोणत्या विद्यापीठाशी संलग्न, नॅकचा दर्जा, किती विद्यार्थी, कोणते विषय. त्यापुढचा भाग जास्त मोलाचा: परीक्षा कशी होते, अंतर्गत किती गुण आणि लेखी किती, तुमच्या वर्गात किती मुलं, त्यांत तुमचा क्रमांक कितवा. ६० टक्क्यांना आपल्याकडे प्रथम वर्ग म्हणतात, हेही लिहा. ७४ टक्के वाचून तिकडच्या माणसाला मुलगा मध्यम वाटतो. तो वर्गात पहिला आहे हे कळलं की तोच आकडा वेगळा दिसतो. मसुदा तुम्ही करा, पण आकडे ऑफिसने तपासलेले असू देत. फुगवलेला एकही नको. प्राचार्यांची तयारी असेल तर हे पान कॉलेज रिपोर्टसोबत कॉलेजकडूनच जाऊ द्या.

सोबत अभ्यासक्रम. अभ्यास मंडळाच्या पीडीएफ विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतात. तुम्ही शिकलेल्या विषयांची पानं तेवढी काढा: कोड, घटक, तास, संदर्भग्रंथ. शंभर पानांची अख्खी पीडीएफ जोडू नका.

विज्ञानाच्या मुलांनी प्रॅक्टिकलची जर्नल्स जपावीत. विभागप्रमुखांची सही आणि शिक्का असलेलं जर्नल तुम्ही प्रयोगशाळेत खरोखर काय केलंत, त्याचा पुरावा आहे. क्रेडिट्स ठरवताना ते दाखवता येतं. एप्रिलमध्ये परीक्षा झाली की जर्नल माळ्यावर जातं आणि पावसाळ्यात पानांना बुरशी धरते. त्याआधीच ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून ठेवा.

## ६. सह्या आणि शिफारसपत्रं

कॉलेज रिपोर्ट, ज्या विषयांचे वर्ग चालू आहेत त्यांचा मिड-टर्म रिपोर्ट आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रं हे तीन वेगळे कागद आहेत. अनेक मुलं तिन्ही एकाच सरांकडे घेऊन येतात.

कॉलेज रिपोर्ट अशा अधिकाऱ्याने भरायचा, ज्याला तुमची शैक्षणिक आणि शिस्तीची नोंद पाहता येते. रजिस्ट्रार म्हटलं की मुलं विद्यापीठाच्या कुलसचिवांना शोधू लागतात. आपल्याकडे तो माणूस म्हणजे प्राचार्य, उपप्राचार्य किंवा परीक्षा विभागप्रमुख.

मिड-टर्म रिपोर्टमध्ये चालू सेमिस्टरचे आजपर्यंतचे गुण लागतात. आपल्याकडे मार्चमध्ये तसे गुण तयार नसतात. प्रत्येक विषयाच्या सरांना जानेवारीतच सांगून ठेवा की अंतर्गत चाचणी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत झाली तर तिच्यावरून श्रेणी देता येईल. रकाना रिकामा सोडू नका. चाचणी झालीच नाही तर सरांना तसं एका ओळीत लिहायला सांगा.

शिफारसपत्रासाठी पदापेक्षा ओळख बघा. तुम्हाला कधीच न शिकवलेल्या प्राचार्यांचं पत्र कमजोर असतं. तासिका तत्त्वावरचे सर तुम्हाला जास्त ओळखत असतील तर त्यांच्याकडूनच घ्या, मात्र एप्रिलनंतर ते दुसरीकडे गेले तरी चालू राहील असा ईमेल लिहून घ्या. पत्रात "प्रामाणिक, मेहनती, आज्ञाधारक" एवढंच आलं तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सरांना एक पान द्या: त्यांच्या तासाला घडलेल्या तीन गोष्टी, तारखेसह. खाडीच्या पाण्याचा क्षार मोजताना उपकरण बिघडलं आणि तुम्ही टायट्रेशन करून आकडा काढलात, ही गोष्ट सरांना आठवून द्यावी लागते. त्यांना वर्षाला तीनशे मुलं असतात.

सावधान: सरांच्या नावाने जीमेल उघडून स्वतःच पत्र भरू नका. "सरांनीच सांगितलंय, तूच लिही" हे कारण तिथे चालत नाही. कॉलेजचा अधिकृत ईमेल नसेल तर सर स्वतःच्या ईमेलवरून, लेटरहेडवर हुद्दा आणि शिक्क्यासह पत्र जोडू शकतात.

## ७. आता निबंध

प्रश्न एकच असतो: का बदलायचंय? आणि मुलं कॉलेजची गाऱ्हाणी लिहितात. प्रयोगशाळा जुनी, ग्रंथालय छोटं, शिक्षक कमी. सगळं खरं असेल, पण त्यातून तुमच्याबद्दल काही कळत नाही.

असलेल्या साधनांत तुम्ही कुठवर पोचलात आणि तिथून पुढे जायला काय हवंय, ते लिहा. भूशास्त्रात रस असलेली मुलगी लिहू शकते की घरामागचा सडा जांभ्याचा, गावच्या विहिरी मार्चमध्ये आटतात आणि वरच्या वाडीतली एक विहीर मात्र मेपर्यंत टिकते. तिने दोन उन्हाळे दोरीला गाठी मारून अकरा विहिरींची पातळी मोजली. वरच्या विहिरीचं कारण शोधायला भूजलाचं गणिती प्रारूप यायला हवं, आणि तो विषय तिच्या पदवीत नाही. आता तिने तिकडच्या विभागाचा कोणता अभ्यासक्रम हवा ते नावानिशी लिहिलं, की बदलाचं कारण आपोआप उभं राहतं. कॉलेजला नावं ठेवावी लागत नाहीत.

आठ विद्यापीठांना एकच निबंध नाव बदलून पाठवू नका. दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहून गेलेला निबंध मी स्वतः पाहिलाय.

## ८. पैशांचे कागद

अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठांचा वर्षाचा एकूण खर्च आता अनेक ठिकाणी ८० हजार डॉलरच्या पुढे गेलाय, म्हणजे ७० लाख रुपयांच्या घरात. परदेशी ट्रान्सफर विद्यार्थ्याला मदत फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि मदत मागितल्याचा परिणाम निवडीवर होऊ शकतो. तरीही गरज असेल तर अर्जासोबतच मागा. आधी न मागता नंतर मागायची सोय अनेक विद्यापीठांत नसते.

सीएसएस प्रोफाइल या आर्थिक मदतीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये आई-वडिलांचं उत्पन्न आणि मालमत्ता द्यावी लागते. आंबा-काजूचं उत्पन्न शेतीचं, त्यावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे बऱ्याच घरांत विवरणपत्रच भरलेलं नसतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आंब्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) आणि बँकेचं पासबुक एकत्र ठेवा. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या.

कर्जाचं गणितही लवकर मांडा. "कलमांची बाग आहे, तीच तारण ठेवू" असं बाबा सांगतात. पण सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली शेतजमिनीवर वसुली करता येत नाही, म्हणून बँका ती सहसा तारण घेत नाहीत. शिवाय सातबारावर मुंबईच्या काकांपासून सासरी गेलेल्या आत्यांपर्यंत सगळ्यांची नावं. बिनशेती जागा किंवा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, ते बघा आणि त्या माणसाशी दिवाळीतच बोला. प्रवेशपत्र हातात आल्यावर बोलणी सुरू केली तर वेळ पुरत नाही.

## ९. अर्ज गेल्यावर, आणि निघताना

मुदत भारतीय वेळेने रात्री बाराला संपते असंच धरा आणि तीन दिवस आधी अर्ज पाठवा. मग दर आठवड्याला विद्यापीठाच्या पोर्टलवर जाऊन कोणता कागद "मिळाला नाही" दाखवतंय ते बघा. अर्ज पाठवला म्हणजे अर्ज पूर्ण झाला, असं नसतं.

प्रवेश मिळाला तर आधी विद्यापीठाकडून येणारा आय-२० फॉर्म, मग परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं ३५० डॉलर सेव्हिस शुल्क, मग एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत. मुंबईतली वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या भरवशावर सकाळची मुलाखत ठेवू नका. कॉलेज मध्येच का बदलताय, हे तिथेही विचारतील. उत्तर निबंधातलंच असू द्या, दोन वाक्यांत.

चालू सेमिस्टर मात्र सोडू नका. प्रवेश अंतिम निकालावर अवलंबून असतो. केटी लागली तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. निकालाला उशीर होतोय असं दिसलं तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घेऊन विद्यापीठाला आधीच कळवा.

सावधान: ऑफिसात नुसतं "ट्रान्सफर" म्हणू नका. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ टीसी. एका मुलीने मार्चमध्ये खिडकीवर "ट्रान्सफरचे कागद हवेत" सांगितलं. ऑफिसने टीसीची प्रक्रिया सुरू केली आणि तिचं नाव हजेरीपटावरून कमी झालं, परीक्षा तोंडावर असताना. "परदेशी प्रवेशासाठी ट्रान्स्क्रिप्ट" असंच म्हणा, आणि तेही लेखी अर्जात. टीसी व्हिसा हातात आल्यानंतरच घ्या.

निघण्याआधी ट्रान्स्क्रिप्टची तीन बंद पाकिटं जास्तीची घ्या. तिकडे क्रेडिट्स ठरवताना किंवा पुढे पदव्युत्तरला ती पुन्हा लागतात. आणि राहिलेल्या गुणपत्रिका घरच्या कोणाला तरी घेता याव्यात म्हणून आई-वडिलांच्या किंवा भावंडाच्या नावाने अधिकारपत्र करा. त्याला दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडा. एक प्रत ऑफिसात भाऊंकडे पोच घेऊन द्या, दुसरी घरी ठेवा.